उघड्यावरचं बाळ

"अगं, पोर गारठेल की! अंगाखाली काहीतरी घाला ना कुणीतरी."

मावशी हे बोलली ते फ्लॉरेन्सच्या उफित्झी संग्रहालयात, तिच्या नेहमीच्या वरच्या पट्टीत. दोन-चार माना वळल्या. तिथे येणारा जो तो बोत्तिचेल्लीच्या व्हीनसच्या ओढीने आलेला असतो, आम्हीही त्याच गर्दीतून रेटत चाललो होतो. मध्येच मावशीच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, म्हणून थांबलो, आणि समोर आलं ते हे भलंमोठं, तीन लाकडी फळ्यांचं चित्र. ह्यूगो व्हान डर गूस या फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, चित्रकाराचं, पोर्तिनारी कुटुंबासाठी काढलेलं. नुसती मधली फळीच २५३ सेंटिमीटर उंच आणि ३०४ सेंटिमीटर रुंद. मावशीची सगळी नोकरी प्रसूतिगृहात गेली. जन्मलेलं पोर पुसायचं, दुपट्यात गुंडाळायचं आणि आईच्या कुशीत सरकवायचं, हे तिच्या हातांना इतकं सवयीचं, की तिला देवदूत, मेंढपाळ, मारिया यांतलं काहीएक दिसायच्या आधी त्या बाळाच्या पाठीखालची उघडी जमीन दिसली. मी दबक्या आवाजात म्हटलं, "मावशी, देव आहे तो." त्यावर ती म्हणाली, "असू दे की. आपल्या विठोबाला नाही थंडीत शाल आणि कानपट्टी बांधत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते चित्र मी पुस्तकांत कितीदा तरी पाहिलेलं होतं, त्याची तारीख-वार माहिती मला पाठ होती, पण बाळाला थंडी वाजत असेल हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते वाक्य नंतर दिवसभर कानात राहिलं, आणि पुढेही राहिलं.

खरोखरच विचित्र चित्र आहे ते. ख्रिस्तजन्माच्या चित्रांत एरवी सगळे बाळाभोवती दाटीवाटीने जमलेले असतात. इथे मधोमध मोठी थोरली मोकळी जागा आहे, मातकट, राखाडी, आणि त्या जागेत ते इवलंसं, किरकोळ हाडापेराचं पोर उताणं पडलंय. अंगावर चिंधी नाही. खाली गवताची काडी नाही. अंगातून सोनेरी किरणांच्या बारीक रेघा तेवढ्या निघताहेत. मारिया गडद निळ्या वस्त्रात गुडघ्यांवर बसलेली, हाताच्या बोटांची टोकं जेमतेम जुळलेली, नजर खाली. चेहऱ्यावर आनंद म्हणावा तर तो नाही. सगळं आधीच कळून चुकलेल्या बाईचा चेहरा आहे तो. डावीकडे जोसेफ, त्याच्याजवळ जमिनीवर काढून ठेवलेली एक लाकडी खडाव. पवित्र जागी पायताण काढून उभं राहायचं, हे काही आपल्याला वेगळं सांगायला नको. पुढच्या बाजूला, बघणाऱ्याच्या अगदी पायाशी, गव्हाची एक पेंढी आडवी ठेवली आहे, बाळाला समांतर. चर्चमधल्या प्रसादाच्या भाकरीची ती खूण. पेंढीपाशी दोन भांडी. एक निळ्या नक्षीची स्पॅनिश बरणी, औषधवाले लेप-मलमं ठेवायला वापरत तसली, तिच्यात लिली आणि आयरिस. दुसरा साधा काचेचा पेला, त्यात निळी कोलंबाइन आणि तीन लाल कार्नेशन. कार्नेशन म्हणजे क्रुसाचे खिळे, कोलंबाइन म्हणजे मारियेची दुःखं, असं जाणकार उलगडून सांगतात. मला मात्र त्या पेल्यातल्या पाण्यापाशीच थांबावंसं वाटतं. काच, काचेमागचं पाणी, पाण्यात बुडालेले देठ आणि पेल्याची जमिनीवर पडलेली फिकट सावली. या एवढ्या वीतभर जागेवर माणसाने किती दिवस घालवले असतील!

आणि उजवीकडून घुसलेले ते तीन मेंढपाळ. धापा टाकत आल्यासारखे. एकाने हात जोडलेत, दुसऱ्याचे हात आश्चर्याने उघडलेले आणि तिसरा मागून मान पुढे काढून बघतोय, तोंड उघडं, दातांत फटी. उन्हापावसाने रापलेली कातडी, नखांत मळ, गालांवर दाढीचे खुंट. देवदूत जरीच्या झुली पांघरून पूजाविधीला उभे राहावेत तसे गंभीर उभे आहेत. या तिघांना मात्र काय करावं तेच कळत नाहीये. आख्ख्या चित्रात खरं आश्चर्य वाटलंय ते यांनाच.

बाळ असं जमिनीवर का, याचं उत्तर ब्रिजिट नावाच्या स्वीडिश बाईकडे आहे. आठ मुलांची आई, नवऱ्यामागे धर्मकार्याला वाहून घेतलेली, म्हातारपणी बेथलेहेमच्या यात्रेला गेलेली. तिथे १३७२ साली तिला ख्रिस्तजन्माचा साक्षात्कार झाला, आणि पुढच्या दोनेकशे वर्षांत युरोपातल्या चित्रकारांनी ख्रिस्तजन्म बहुतेक तिच्या डोळ्यांनी पाहिला. तिने सांगितलं ते असं: मारियाने पायांतलं पायताण काढलं, झगा बाजूला ठेवला, गुडघ्यांवर बसली, आणि क्षणात, कळ न येता, बाळ जमिनीवर होतं, उघडं आणि तेजाने लखलखणारं. इतकं सगळ्या पुस्तकांत येतं. चित्रातली खडाव, मारियाचे टेकलेले गुडघे, ते किरण, सगळं इथलंच. पण ब्रिजिट एवढ्यावर थांबलेली नाही. घरी परत आल्यावर मी तिचं वर्णन मुळातून शोधून वाचलं, तेव्हा पुढच्या ओळी सापडल्या. बाळ रडत होतं, थंडीने आणि जमिनीच्या टणकपणाने कुडकुडत होतं, हातपाय ताणून आईकडे वळू पाहत होतं. मग आईने त्याला उचललं, छातीशी धरलं, गालाने आणि उराने ऊब दिली.

म्हणजे मावशीला जे दिसलं ते ब्रिजिटलाही दिसलं होतं.

ह्यूगोने हे वाचलं-ऐकलं नसेल असं मला वाटत नाही. त्याने बरोबर त्या दोन वाक्यांच्या मधली जागा पकडली आहे. बाळ टेकलंय, कुडकुडतंय, आणि आईने अजून हात पुढे केलेला नाही. पाचशे वर्षं ते पोर त्या एका क्षणात अडकून पडलंय. चित्रात सगळं इतकं स्तब्ध असूनही बघणाऱ्याला बेचैनी येते, ती यामुळेच असावी. कुणीतरी पुढे व्हावं असं वाटत राहतं आणि कुणीच होत नाही.

हे चित्र फ्लॉरेन्सला पोचलं कसं, हीसुद्धा एक कहाणीच आहे. तोमासो पोर्तिनारी हा फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या बँकेचा, ब्रूज या फ्लेमिश शहरातल्या शाखेचा व्यवस्थापक. परदेशी मुलखात राहून गबर झालेला, दरबारी थाटामाटाची हौस असलेला माणूस. त्याच्या घराण्यातल्या फोल्को पोर्तिनारीने १२८८ साली फ्लॉरेन्समध्ये सांता मारिया नुओव्हा हे इस्पितळ काढलं होतं. त्या इस्पितळाच्या चर्चसाठी तोमासोने गेंटच्या ह्यूगोकडून १४७५च्या सुमारास हे चित्र करून घेतलं. बाजूच्या फळ्यांवर तो स्वतः आहे, बायको मारिया मादालेना आहे, मुलगी मार्गारीता आणि दोन मुलगे. मोठ्या अंतोनिओच्या मागे त्याच्या नावाचा संत उभा आहे. धाकट्या पिगेल्लोच्या वाट्याला संत आलेला नाही. बहुधा चित्राचा आराखडा ठरल्यावर हे चिरंजीव जन्मले आणि कोपऱ्यात कसेबसे बसवले गेले. पैसे देणाऱ्याच्या घरात पाळणा हलला की चित्रकाराची कशी तारांबळ उडत असेल, ते त्या कोपऱ्यात दिसतं. त्यातही हे सगळे पोर्तिनारी आकाराने मागच्या संतांच्या निम्मेही नाहीत. पैसा यांचा, पण मापं स्वर्गातली.

त्या काळी ब्रूजहून इटलीला चित्र पाठवायचं म्हणजे समुद्राचा भरवसा धरायचा. त्याच बँकेतल्या आन्जेलो तानीने हान्स मेम्लिंगकडून काढून घेतलेलं 'अंतिम न्याया'चं चित्र १४७३ साली वाटेतच डान्झिगच्या, म्हणजे आजच्या ग्दान्स्कच्या, पाउल बेनेके या दर्यावर्दी लुटारूने जहाजासकट पळवलं. ते आजही पोलंडमध्ये, ग्दान्स्कलाच आहे. गंमत अशी की त्या चित्रात देवदूताच्या तराजूत बसून आपल्या पापपुण्याचा निकाल ऐकणारा जो माणूस आहे, तो चेहऱ्याने आपला तोमासोच, असं मानतात. ह्यूगोचं चित्र मात्र सुखरूप आलं. सिसिलीला वळसा घालून पिसा, तिथून आर्नो नदीने वर, आणि २८ मे १४८३ रोजी फ्लॉरेन्सच्या सान फ्रेदिआनो वेशीवर. तिथून इस्पितळापर्यंत ते वाहून न्यायला १६ हमाल लागले. मला ती वरात फार बघावीशी वाटते. मे महिन्याचं ऊन, अरुंद गल्ल्या, खांद्यांवर लाकडाचं ते धूड, पुढे एकजण वाट करतोय, आणि हमालांच्या घामेजल्या मानांपासून हातभर अंतरावर, आत, त्यांच्याचसारखे ते तिघे रापलेले मेंढपाळ.

ज्याने ते काढलं त्याला या वरातीचा पत्ता नव्हता. तो आदल्याच वर्षी वारला होता. गेंटच्या चित्रकारसंघाचा प्रमुख झालेला हा माणूस ऐन भरात असताना सगळं सोडून ब्रसेल्सजवळच्या एका मठात सेवेकरी म्हणून राहायला गेला. मठात त्याला चित्रं काढायची मुभा होती, बडी मंडळी भेटायला येत, त्यांच्याबरोबर तो वाइनही घेई, आणि याबद्दल बाकीच्यांच्या कपाळाला आठ्या पडत. गास्पार ऑफहाउस नावाच्या मठबंधूने पुढे हे सगळं लिहून ठेवलंय, त्यात माया आहे आणि थोडी जळजळही आहे. कोलोनहून परतताना एका रात्री ह्यूगोला झटका आला. आपण शापित आहोत, आपली सुटका नाही, असं तो सारखं म्हणू लागला, जिवाचं काही बरंवाईट करून घेईल म्हणून सोबत्यांना त्याला आवरावं लागलं. मठाधिपतीने त्याच्यापाशी वाद्यं वाजवायला लावली. बायबलातल्या शौल राजाला वीणेने बरं वाटायचं, त्या धर्तीवर. हातात घेतलेली चित्रं नऊ वर्षांतही पुरी झाली नसती, त्या काळजीने तो खचला असावा, अशी एक शंका ऑफहाउस नोंदवतो. ती वाचून माझ्या पोटात कालवलं. पण लोक त्या मेंढपाळांच्या चेहऱ्यांत, मारियाच्या पापण्यांत त्याचं वेड शोधत बसतात, ते मला पटत नाही. चित्र आधीचं आहे, आजार नंतरचा. आणि एवढ्या थाऱ्यावर असलेल्या हाताने काढलेला पाण्याचा पेला दुसरा दाखवा मला.

फ्लॉरेन्सच्या चित्रकारांनी मात्र हे सगळं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करायला मजा येते. त्यांची बरीचशी रीत अंड्याच्या बलकात रंग कालवण्याची. तो रंग चटकन वाळतो, त्यामुळे बारीक रेघांवर रेघा ओढून छटा साधावी लागते. ह्यूगोकडे तेल होतं. सावकाश वाळणारं, एकावर एक पातळ पारदर्शक थर चढवू देणारं. मखमल, काच, केस, ओलसर डोळे यांची खोली त्या थरांतून येते. असं नव्हे की इटलीत कुणाला तेल ठाऊकच नव्हतं, किंवा फ्लेमिश चित्रं तिथे आली नव्हती. पण एवढं दांडगं, वेदीवर ठेवायचं, आणि तेही भर शहरात, हे नवीन होतं. लेओनार्दो त्याच सुमारास मिलानला निघून गेला होता, नाहीतर सगळ्यांत जास्त वेळ तोच त्या फुलांपाशी रेंगाळला असता.

दोमेनिको गिरलांदायो तिथेच होता. त्याने १४८५ साली सांता त्रिनिता चर्चमधल्या सास्सेत्ती कुटुंबाच्या प्रार्थनाकक्षासाठी मेंढपाळांचं चित्र केलं, आणि ते आजही त्याच वेदीवर आहे. उफित्झीहून पायी जाण्यासारखं आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. काळोखाला डोळे सरावले आणि उजव्या कोपऱ्यात ओळखीची मंडळी दिसली. तेच ते मेंढपाळ! एक हात जोडलेला, एक वाकून बघणारा. त्यांच्यात गिरलांदायोने स्वतःचाही चेहरा घातलाय, बाळाकडे बोट दाखवताना. पण हे मेंढपाळ आंघोळ करून आलेत. सुरकुत्या आहेत, खुंट आहेत, सगळं रेघेरेघेने मन लावून उतरवलंय, तरी दात नीट आहेत आणि भान सुटलेलं नाही. मागे रोमन कमान, तिच्याखालून राजांची मिरवणूक येतेय, गोठ्याचे खांब कोरीव रोमन, आणि गव्हाण म्हणून चक्क एक संगमरवरी शवपेटी, वर लॅटिन मजकूर कोरलेली. फ्लॉरेन्सच्या शिकल्यासवरल्या गिऱ्हाइकाला हवं ते सगळं आहे. गिऱ्हाईक म्हणजे फ्रान्चेस्को सास्सेत्ती, मेदिची बँकेचा मुख्य कारभारी, तोमासोचा वरिष्ठ. तोमासोने बर्गंडीच्या ड्यूक चार्ल्सला वारेमाप कर्ज देऊन ब्रूजची शाखा बुडवली, सास्सेत्तीने वेळीच लगाम घातला नाही. कलेच्या इतिहासात या दोघांचं नाव आदराने घेतात, बँकांच्या इतिहासात त्यांचा उल्लेख आला की सूर बदलतो.

तर, बाळ. गिरलांदायोने मारियाच्या निळ्या वस्त्राचा घोळ जमिनीवर पसरवलाय, आणि बाळ त्या घोळावर ठेवलंय.

मी बराच वेळ तेवढंच बघत उभी होते. प्रभाव पडला, प्रभाव पडला, असं आपण म्हणतो, आणि त्यात घेतलेल्या गोष्टींची यादी करतो. गिरलांदायोने काय घेतलं ते कुणीही सांगेल. त्याने घेतलं नाही ते मला जास्त बोलकं वाटलं. उघडी जमीन त्याने नाकारली. मधली ती रिकामी जागाही भरून टाकली. तसं इटलीत बाळाला आईच्या वस्त्रावर ठेवण्याची पद्धत आधीपासून होती, त्यामुळे सवयीने हात तिकडे गेला असेल, नाही असं नाही. पण ज्या चित्राचा त्याने इतका बारकाईने अभ्यास केला, त्याच्या मधोमध पडलेलं ते पोर त्याच्या नजरेतून सुटलं असेल का? चार माणसांत वावरणाऱ्या, घरच्या कार्यशाळेत भावांबरोबर काम करणाऱ्या या गृहस्थाला ते तसं ठेववलं नाही, असं मानायला मला आवडतं. पुरावा काही नाही. फिलिप्पिनो लिप्पी, पिएरो दी कोझिमो यांच्या निसर्गदृश्यांत आणि फुलापानांत फ्लेमिश डोळा दिसतो असं म्हणतात, तो दिसतोही. त्या उघड्या जमिनीचा गारवा मात्र मला फ्लॉरेन्समध्ये दुसऱ्या कुणाकडे सापडला नाही.

पुढे मिकेलान्जेलोने फ्लेमिश चित्रकलेवर जो शेरा मारला, तो पोर्तुगीज चित्रकार फ्रान्सिस्को द ओलांदाने आपल्या संवादांत नोंदवलाय. आशय असा, की भाविकांना ती चित्रं इटालियन चित्रांपेक्षा जास्त आवडतील, डोळ्यांत पाणी आणतील, पण ते चित्राच्या गुणामुळे नव्हे, त्या भाविकाच्या चांगुलपणामुळे. बायकांना आवडतील, विशेषतः खूप म्हाताऱ्या आणि खूप कोवळ्या, शिवाय साधू-जोगिणींना. ओलांदाने त्याच्या तोंडी किती घातलं हा वाद आहेच, पण सूर ओळखीचा आहे. आपल्याकडेही कीर्तनात डोळे पुसणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल साहेब लोक याच सुरात बोलतात. आता गंमत बघा. बाळाला जमिनीवर पाहणारी ब्रिजिट तेव्हा सत्तरीला टेकलेली होती. सगळ्या पंडितांनी तिच्या वर्णनातला प्रकाश घेतला, चमत्कार घेतला, आणि कुडकुडणं बाजूला ठेवलं. ते परत उचलायला प्रसूतिगृहातली एक निवृत्त बाई लागली. मिकेलान्जेलोच्या यादीत बसणारीच.

आणि ते चित्र होतं कुणासाठी? पंडितांसाठी ते थोडंच केलेलं? इस्पितळाच्या चर्चमध्ये, वेदीवर, १९०० साली उफित्झीत हलवेपर्यंत ते चारशेहून जास्त वर्षं राहिलं. तिथे ताप उतरलेले, न उतरलेले, त्यांची शुश्रूषा करणारे, पोराच्या उशाशी रात्र काढून आलेले लोक येऊन बसत असणार. त्यांना ती औषधाची बरणी आणि फुलं धर्मशास्त्र म्हणून कळायच्या आधी रोजच्या कपाटातली वस्तू म्हणून ओळखू आली असणार. त्या उघड्या, आजाऱ्यासारख्या फिकट पोराकडे त्यांनी काय म्हणून पाहिलं असेल, हे कुठल्या दप्तरात लिहिलेलं नाही. ते इस्पितळ अजून चालू आहे. दारात रुग्णवाहिका उभी असते, ओसरीच्या कमानींखाली नातेवाईक फोनवर बोलत येरझाऱ्या घालत असतात.

तोमासोची ब्रूजची शाखा १४८०मध्ये बंद झाली. मेदिचींनी त्याच्याशी व्यवहार तोडला, तो कर्ज आणि दावे यांत बुडत गेला. १५०१ साली तो सांता मारिया नुओव्हात वारला, त्या इस्पितळाच्या संस्थापकांच्या कुळातला, आणि तिथलाच एक रुग्ण. चर्चमध्ये तेव्हा त्याचीच फळी लावलेली होती. तिच्यावर तो चाळिशीतला, काळ्या झग्यात, शेजारी पिगेल्लो आणि अंतोनिओ.